सोळा नंबरचा डबा

मला राग लवकर येतो. ते लपवून उपयोग नाही, कारण राग आला की आधी माझे कान लाल होतात आणि मग तोंड उघडतं. आमच्या केंद्रात सगळे मला मास्तर म्हणतात. दवाखान्याचं फाटक, स्टेशन, मालाची गोदामं, मोठ्या कचेऱ्या, जिथे जिथे लोकांच्या पिशव्या हुंगून आत स्फोटकं आहेत का हे सांगणारा कुत्रा लागतो, तिथे तो माझ्या सहीशिवाय जात नाही. कुत्रा लायक की नालायक हे मी ठरवतो. अकरा वर्षांत एक्केचाळीस कुत्री माझ्या सहीनं गेली. नापास किती झाली ते विचारू नका. नापास कुत्र्यांचे हॅन्डलर, म्हणजे त्यांना तयार करून कामावर फिरवणारे, मला रस्त्यात ओळख देत नाहीत आणि त्यामुळे माझं काही अडत नाही.

अडत होतं ते एकीपाशीच. ती माझी सख्खी धाकटी बहीण.

धाकटी चौदा वर्षं हॅन्डलर आहे. दीड वर्षापूर्वी तिनं भोपळ्या नावाचा कुत्रा तयार करून परीक्षेला आणला होता. नावासारखाच होता, गोल आणि निवांत. आमच्या परीक्षेच्या खोलीत वीस पत्र्याचे डबे ओळीनं मांडलेले असतात, त्यातल्या एकात वासाचा नमुना ठेवलेली भोकाभोकांची डबी असते. कुत्र्यानं तो डबा शोधून त्याच्यासमोर बसायचं, तेही तीन मिनिटांत. अशा चार फेऱ्या. भोपळ्यानं चारही डबे शोधले खरे, पण प्रत्येक डब्यापाशी दोनदोनदा जाऊन, जणू सासरेबुवा भाजी निवडायला निघालेत. दर फेरीला पाच-साडेपाच मिनिटं. मी 'मंद' असा शेरा मारला आणि नापास लिहिलं. धाकटी तेव्हा मला काहीतरी सांगायला आली होती. दादा, तू खोलीत उभा राहतोस ते बरोबर नाही, असं काहीतरी. नापास झालेला प्रत्येक जण मला काहीतरी सांगायला येतो. मी तिला दार दाखवलं. भोपळ्याला एका लाकडाच्या वखारीनं राखणीला नेलं. तिथे तो साखळीला बांधलेला असतो आणि धाकटी सुट्टीच्या दिवशी त्याला भेटून येते, हे मला आईकडून कळलं. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची.

आता तिनं दुसरी कुत्री आणली होती, चिंगी. तपकिरी, सडपातळ, एक कान उभा आणि एक पडलेला. आणि आमच्याकडे नियम असा की हॅन्डलरची लागोपाठ दोन कुत्री नापास झाली की त्याचं नाव हॅन्डलरच्या यादीतून काढायचं आणि त्याला फाटकावर टेबल देऊन पिशव्या तपासायला बसवायचं. म्हणजे चिंगी गेली की धाकटीही गेली. चौदा वर्षं जिनं दुसरं काही केलं नाही, तिच्या हातातला पट्टा काढून घ्यायचा की नाही, हे माझ्या पेनावर होतं.

आई आमच्या दोघांच्या मध्ये राहते, म्हणजे खरोखरच. वरच्या मजल्यावर मी, खालच्या मजल्यावर धाकटी आणि आई दिवसभर जिन्यात. परीक्षेच्या आठवड्यात तिनं मला रोज सकाळी जिन्यात गाठलं. बहिणीची कुत्री पास केलीस तर तुझ्या बापाचं काय जातंय, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, माझ्या बापाचं काही जात नाही, पण कुणाच्या तरी बापाचा जीव जाईल. आई म्हणाली, लहानपणी तू हिच्या वाट्याचं दूध पिऊन टाकायचास, आता नोकरी पिऊन टाक. आईच्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना वारशानं मिळालंय.

खरं सांगतो, चिंगी पास व्हावी असं मला मनातून वाटत होतं. म्हणूनच मी तिला जरा जास्तच पिळलं. पहिल्या दिवशी तिच्यामागे पत्रे पाडले. ती दचकली, वळली, पत्र्याचा वास घेतला आणि पुढे चालू लागली. हेच पाहिजे असतं. न दचकणारा कुत्रा बहिरा तरी असतो नाहीतर मठ्ठ. दचकून सावरतो तो कामाचा. दुसऱ्या दिवशी लोखंडी जाळीचा जिना, ज्यातून खालची जमीन दिसते. भले भले कुत्रे तिथे पाय रोवून बसतात. ही वर गेली, खाली आली, वर बघून जांभई दिली. तिसऱ्या दिवशी हेल्मेट घातलेला माणूस अंगावर धावून आला, चौथ्या दिवशी जमिनीवर मटण टाकलं, पाचव्या दिवशी लिफ्टमध्ये दहा माणसांत कोंबली. एकदाही तोल गेला नाही. मी कागदावर आकडे टाकत होतो आणि चेहरा दगडाचा ठेवत होतो. धाकटी माझ्या चेहऱ्याकडे बघतही नव्हती.

सहाव्या दिवशी नाकाची परीक्षा. सगळं जे काही आहे ते इथेच आहे. बाकीचे पाच दिवस कुत्रा कसा वागतो ते कळतं, सहाव्या दिवशी तो काम करतो का ते कळतं.

पहिली फेरी, सात नंबरचा डबा. चिंगी चाळीस सेकंदांत बसली. दुसरी फेरी, दोन नंबर, अर्धं मिनिट. तिसरी फेरी, अकरा. तिचं बसणं असं सुबक होतं की मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. चौथ्या फेरीसाठी मी सगळ्यांना बाहेर काढलं, डबी सोळा नंबरच्या डब्यात ठेवली, तेवढ्यात साहेबांचा निरोप आला. साहेब म्हणजे आमच्या केंद्राचे प्रमुख. सोमवारपर्यंत दोन कुत्री द्यायचीत म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. त्यांच्या खोलीत पंधरा मिनिटं तेच ते ऐकून मी परत आलो. डबी ठेवली की खोलीला कुलूप लावायचं, हा माझाच नियम. साहेबांच्या निरोपाच्या गडबडीत मी कुलूप लावलं नव्हतं, हे मला तेव्हा सुचलंही नाही.

धाकटी चिंगीला घेऊन आत आली. मी नेहमीच्या जागी, खिडकीच्या कोपऱ्यात, हातात कागद लावलेली पाटी आणि पेन. चिंगी ओळीनं चालली. तेराव्या डब्यापाशी तिनं मान वळवली, पाय आखडला, एक क्षण थांबली. मग पुढे गेली. चौदा, पंधरा, सोळा. सोळाला नाक लावलं आणि बसली.

मी पास लिहिण्यासाठी पेन टेकवलंसुद्धा होतं. नियमानं डबा उघडून डबी दाखवायची असते. मी सोळा नंबरचा डबा उघडला. डबा रिकामा होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रिकाम्या डब्यासमोर बसणं म्हणजे खोटी खूण, आणि खोट्या खुणेला आमच्याकडे दुसरी संधी नसते. पण डबी गेली कुठे. मी एकेक डबा उघडत गेलो. डबी तेरा नंबरात होती. साफसफाई करणाऱ्या मावशी दारातच उभ्या होत्या. त्यांना विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या की चिंगीच्या भांड्यातलं पाणी सांडलं होतं, म्हणून शेवटचे आठ डबे उचलून फरशी पुसली आणि परत मांडले. क्रमानं मांडायचे असतात हे त्यांना माहीत नव्हतं, आणि नंबर तर डब्यांवर नसतात, जमिनीवर रंगवलेले असतात. मी मावशींवर ओरडलो. त्यांनी विचारलं की फरशी पुसायची नाही का, आणि खोली उघडी कुणी ठेवली. मी वळलो आणि धाकटीवर ओरडलो.

काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. दीड वर्षात तू काही शिकली नाहीस, तुझी कुत्री अंदाजानं बसते, उद्या दवाखान्याच्या दारात अशीच रिकाम्या पिशवीसमोर बसेल आणि भरलेली सोडून देईल, असं बरंच. धाकटी चिंगीच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होती. माझं झाल्यावर ती म्हणाली,

"ती अंदाजानं नाही बसली, दादा. ती तुझ्यावर बसली."

मी म्हटलं, म्हणजे काय.

"डबी सोळात आहे असं तुला वाटत होतं. ती सोळापाशी आली आणि तू पेन दाबलंस. टिक. तू प्रत्येक वेळी दाबतोस. कुत्रा बसल्यावर दाबतोस असं तुला वाटतं. तू आधी दाबतोस."

ज्यांनी कुत्री शिकवलेली नाहीत त्यांना इथे एक गोष्ट सांगायला हवी. कुत्र्याला शिकवताना आम्ही मुठीत मावेल एवढी टिकटिकी वापरतो. कुत्र्यानं बरोबर काही केलं की टिक करायचं आणि खाऊ द्यायचा. महिनाभरात ती टिक कुत्र्याच्या हाडात मुरते. टिक म्हणजे बरोबर, टिक म्हणजे इथेच. आणि मी अकरा वर्षं दाबायचं पेन घेऊन त्या कोपऱ्यात उभा होतो. कुत्रा बरोबर डब्यापाशी आला की वेळ टिपायची म्हणून पेन दाबत होतो. मला वाटायचं मी टिपतोय. मी सांगत होतो.

हे मला तिथल्या तिथे पटलं असं नाही. मी म्हटलं, पळवाटा काढू नकोस. ती म्हणाली, भोपळ्याच्या वेळी हेच सांगायला आले होते, तू दार दाखवलंस. भोपळ्याला तिनं टिकटिकीवर शिकवलंच नव्हतं, तोंडानं शाब्बास म्हणून शिकवलं होतं. म्हणून त्याला माझं पेन ऐकूच येत नव्हतं. तो बिचारा नाकानं शोधत बसला.

मी म्हटलं, सिद्ध करतो की तू चुकते आहेस. त्या दिवशी लस टोचायला वजीर आला होता. वजीर हा माझा मानाचा कुत्रा. सहा वर्षांपूर्वी मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले होते, तो शहरातल्या सगळ्यात मोठ्या दवाखान्याच्या फाटकावर असतो. त्याचा हॅन्डलर मिशीवाला, जुना माणूस. मी मावशींना डबी कुठेही ठेवायला सांगितलं आणि कुणालाही सांगू नका म्हटलं. वजीर आत आला. ऐटीत ओळीनं गेला, वीसपर्यंत. परत आला. मग खोलीच्या मधोमध उभा राहून माझ्याकडे बघत राहिला. मी काही केलं नाही. तो पुन्हा फिरला आणि पुन्हा माझ्याकडे बघू लागला. तीन मिनिटं संपली. मग तो नऊ नंबरच्या डब्यापाशी पोचला तेव्हा मी मुद्दाम पेन दाबलं.

वजीर बसला. छाती पुढे, कान ताठ, फोटोत बसतात तसा. नऊ नंबरचा डबा रिकामा होता.

मिशीवाला खाली मान घालून उभा होता. मी त्याला विचारलं, तुला हे माहीत होतं का. तो चाचरत म्हणाला, "मास्तर, आम्हाला सगळ्यांनाच माहीत आहे. आम्हाला वाटायचं तुम्ही मुद्दामच करता. तोंडानं कडक असलात तरी आतून मदत करता, असं आम्ही म्हणायचो."

आयुष्यात मला पुष्कळ शिव्या मिळाल्या आहेत. एकही इतकी लागली नाही. अकरा वर्षं हे लोक माझ्या पाठीमागे मला दयाळू म्हणत होते. मी पाटी भिंतीवर फेकून मारली. ती चिंगीच्या मागे जाऊन पडली. चिंगी दचकली, वळली, पाटीचा वास घेतला आणि पुन्हा धाकटीच्या पायाशी येऊन उभी राहिली. मला तिचं तेराव्या डब्यापाशी थांबणं आठवलं. तिला वास आला होता. तिचं नाक तिला सांगत होतं की इथे आहे, आणि माझं पेन गप्प होतं, म्हणून ती पुढे गेली. स्वतःच्या नाकापेक्षा तिनं मला खरं मानलं.

मी धाकटीला विचारलं की तुला ठाऊक होतं तर तू चिंगीला अशी का तयार केलीस. मला वाटलं होतं ती गप्प बसेल, पण ती गप्प बसणाऱ्यांतली नाही. चिंगी तिच्याकडे आली तेव्हा आधीच टिकटिकीवर शिकलेली होती. दर आठवड्याच्या सरावाला मी खोलीत असायचो, आणि चिंगीनं तिसऱ्याच आठवड्यात माझं पेन हेरलं. धाकटीला ते दिसलं आणि तिनं थांबवलं नाही. "एकदा मी खरा कुत्रा घेऊन आले होते," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा मलाही नोकरी हवी होती." हे सांगताना तिनं नजर खाली घेतली नाही. मला तिचाही राग आला, तिच्याइतकाच स्वतःचाही, आणि कुठला कुठे संपतो ते कळेना.

मग ती म्हणाली की चिंगीची फेरी परत घे आणि तू बाहेर थांब.

मी बाहेर थांबलो. मावशींनी डबी ठेवली आणि त्या मागच्या दारानं निघून गेल्या. आत धाकटी, चिंगी आणि घड्याळ घेऊन मिशीवाला, तिघांपैकी कुणालाच डबा माहीत नाही. मी बोळात भिंतीकडे तोंड करून उभा होतो, शाळेत उभं करतात तसा. आतून पावलांचा आवाज यायचा, मग थांबायचा. एकदा चिंगी दारापाशी आली आणि फटीत नाक घालून जोरानं श्वास ओढला. मला शोधत होती. मी श्वास धरून उभा राहिलो. ती परत गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. नंतर बराच वेळ काहीच आवाज नाही. मग धाकटीचा शब्द आला, "बसली."

डबी पाच नंबरात होती आणि चिंगी पाच नंबरासमोर बसली होती. जीभ बाहेर, अंग थरथरत, कुणाकडेही न बघता डब्याकडे बघत. वेळ चार मिनिटं दहा सेकंद.

मी म्हटलं, मी पास लिहितो. तीन मिनिटांचा नियम मी केला, मीच बाजूला ठेवतो. पेन काढायला खिशाकडे हात नेला तर धाकटीनं माझं मनगट धरलं. लहानपणानंतर तिनं मला पहिल्यांदा हात लावला असेल. ती म्हणाली, भोपळ्याला तू हाच नियम लावलास, आता बहिणीची दया आली म्हणून वाकवू नकोस. मी म्हटलं, दया नाही, नियमच चुकीचा आहे. तीन मिनिटं मी कशावरून ठरवली होती? पहिल्या दहा कुत्र्यांना लागलेल्या वेळावरून. आणि ती दहाच्या दहा माझ्या पेनावर बसत होती. नाकानं शोधणाऱ्या कुत्र्याला किती वेळ लागतो हे या केंद्रात कुणालाच माहीत नाही. बघायला मिळाला होता तो एकटा भोपळ्या, आणि त्याला मी वखारीत पाठवला.

"मग तसं लिही," धाकटी म्हणाली. "चिंगी पास असं नको लिहू. नियम चुकला आणि का चुकला, ते लिही."

तसं लिहायचं म्हणजे एक्केचाळीस कुत्र्यांबद्दल लिहायचं. मी साहेबांकडे गेलो. मला वाटलं होतं ते हादरतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि समजुतीच्या सुरात बोलायला लागले. म्हणाले, चिंगी पास लिहा, तुमच्या बहिणीचं भलं होईल, तुमचं नाव राहील, पेन बदला आणि विषय संपवा. मी म्हटलं, साहेब, फाटकांवर जे कुत्रे उभे आहेत ते हुंगत नाहीत. तिथे मास्तर नाही, टिक नाही, तर ते वर्षानुवर्षं नुसते फिरतायत. साहेब म्हणाले, "लोक कुत्रा बघून घाबरतात, तेवढं पुरे असतं. तो हुंगतो की नाही हे कोण बघायला येतंय?"

मी टेबलावर हात आपटला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मी फक्त सांगितलं की मी लिहिणार आणि प्रत्येक फाटकाच्या मालकाला पाठवणार. तेव्हा मात्र त्यांचा सूर बदलला. लिहिलंत तर तुम्ही उद्यापासून घरी, ते म्हणाले. आणि नवा नियम होईपर्यंत जुनाच चालू राहणार, म्हणजे चिंगी नापास आणि तुमच्या बहिणीला सोमवारी पिशव्यांचं टेबल. ठरवा.

धाकटी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे बघितलं. मला तिनं नको म्हणायला हवं होतं, अगदी मनापासून. ती आत आली, चिंगीच्या कागदावर जिथे हॅन्डलरची सही असते तिथे सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. वर निकालाची जागा मोकळी होती. चार मिनिटं दहा सेकंद असं मी लिहिलं आणि त्यापुढे नापास लिहिलं. मग खाली बसून दुपारभर बाकीचं लिहिलं. एक्केचाळीस कुत्र्यांची नावं, प्रत्येकाचं फाटक, आणि पुढे प्रत्येकासमोर तेच वाक्य, पुन्हा परीक्षा होईपर्यंत कामावरून काढावा. शेवटी माझं नाव लिहून त्यापुढेही तेच लिहिलं.

आई तीन दिवस आमच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिला डोळे तपासायला न्यायचं होतं, त्याच मोठ्या दवाखान्यात. मी घरीच बसलेला असल्यामुळे ते काम माझ्याकडे आलं.

फाटकावर कुत्रा नव्हता. पत्रं पोचली होती आणि फाटकवाले घाबरून एकेक करत सगळे कुत्रे मागे घेत होते. त्यामुळे पिशव्या हातानं उघडून बघत होते आणि रांग रस्त्यापर्यंत आली होती. उन्हात उभे राहून लोक वैतागले होते. आमच्या पुढचा माणूस मागे वळून मला म्हणाला, इतकी वर्षं कुत्रा होता, झटपट सोडायचे, कुठल्या गाढवानं तो काढला कुणास ठाऊक. मी म्हटलं, मी काढला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. तो हसला आणि पुढे बघायला लागला.

टेबलामागे धाकटी बसली होती. चौदा वर्षं पट्टा धरलेला हात, त्यावर आता रबराचा मोजा. आमचा नंबर आला तेव्हा तिनं मान वर केली, आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुढच्या माणसाला म्हणाली होती तेच आम्हाला म्हणाली. पिशवी टेबलावर ठेवा. आई म्हणाली की अगं, मी तुझी आई आहे. धाकटी म्हणाली, "माहीत आहे. पिशवी उघड."

आई काय काय बरोबर घेऊन फिरते ते त्या दिवशी मला कळलं. धाकटीनं प्रत्येक वस्तू बाहेर काढली. चष्म्याचं घर उघडलं. औषधाच्या बाटलीचं झाकण काढून वास घेतला. घडी केलेले रुमाल उलगडले. पिशवीच्या तळाशी कोपरापर्यंत हात घालून अस्तर चाचपलं. मागचे लोक ओरडायला लागले, एकानं सणसणीत शिवी घातली. धाकटीनं वर बघितलं नाही आणि घाईही केली नाही. मी मागे वळलो आणि लोकांना सांगितलं की जरा थांबा, वेळ लागणार आहे.